हिरवी खूण आणि दुसरा शनिवार

मला पत्रकं लिहिता येतात. ही बढाई नाही. पुण्यात कॉलेजला होते तेव्हा दुसरं फारसं काही केलंच नाही. एका पानात म्हणणं मांडायचं, विशेषणं कापायची, मागणी जाड टायपात, खाली वेळ आणि ठिकाण. छापायला देण्याआधी प्रूफ वाचायचं, आणि ते वाचायची आमच्या गटात एकच रीत होती. एकीने हाताने लिहिलेला मूळ कागद मोठ्याने वाचायचा, दुसरीने प्रूफवर बोट ठेवून ऐकायचं. स्वल्पविरामसुद्धा मोठ्याने. प्रूफ नुसतं डोळ्यांनी वाचून 'ठीक आहे' म्हणणाऱ्याला छापलेली चूक स्वतः पेनाने दुरुस्त करावी लागे. सभेची वेळ चुकलेला एक अख्खा गठ्ठा मी असा दुरुस्त केलाय. तेव्हापासून कागदावर अंक दिसला की मला आधी शंका येते.

नोकरीसाठी बेंगळुरूला आले, कोरमंगलाच्या एका पीजीत राहायला लागले आणि दिवसभर जावास्क्रिप्ट लिहायला लागले. पत्रकांची सवय सुटली नाही. इथे फुटपाथवर धंदा करणाऱ्यांच्या बाजूने काम करणारा एक छोटा गट आहे, त्यात गेले. या लोकांना नोटीस कशी मिळते ते पाहिलंय का कुणी? हातात देत नाहीत. विजेच्या खांबावर चिकटवतात. 'पंधरा दिवसांत हरकत नोंदवा, नाहीतर जागा रिकामी करा.' पंधरा दिवस कधी संपतात ते लिहिण्याची तसदीही घेत नाहीत. ज्यांना दुकानाला भिंत नाही, त्यांनी भिंतीवरचं कॅलेंडर बघावं अशी अपेक्षा.

म्हणून मी आणि माझी एक मैत्रीण, आम्ही दोघींनी एक साधी वेबसाइट बनवली. नोटिशीची तारीख टाका, जागा टाका. हरकतीचं पत्र कन्नडमध्ये तयार होऊन येतं आणि वर मोठ्या अक्षरांत शेवटचा दिवस. ही मैत्रीण इथलीच. तिचं मराठी कुटुंब दोन पिढ्यांपासून इंदिरानगरात आहे, वडील सरकारी कारखान्यात इंजिनियर होते, ती स्वतः इलेक्ट्रॉनिक सिटीत नोकरीला. घरात मराठी बोलते, पण दर चौथ्या वाक्यात कन्नड 'सरी', म्हणजे 'ठीक', येतं.

पहिल्याच महिन्यात आम्ही तोंडावर पडलो. चपला शिवणाऱ्या एका अण्णांच्या पत्रावर मागच्या महिन्याचं नाव छापून आलं. कार्यालयाने पत्र परत केलं. कारण काय, तर या भाषेत जानेवारी म्हणजे शून्य. महिने शून्यापासून मोजायचे आणि तारखा एकपासून. हे कुणी ठरवलं आणि त्याला कुणी जाब कसा विचारला नाही, हा प्रश्न मला अजूनही पडतो. अण्णांनी पत्र पुन्हा दिलं, निभावलं. पण मी हट्ट धरला की यापुढे टेस्ट लिहिल्याशिवाय एक ओळ बदलायची नाही.

टेस्ट म्हणजे काय ते सांगते. प्रोग्रामच्या एका लहान तुकड्याला असा प्रश्न विचारायचा, ज्याचं उत्तर आपल्याला आधीच माहीत आहे. अमुक तारखेला नोटीस लागली, तर शेवटचा दिवस कोणता? उत्तर जुळलं तर हिरवी खूण, नाही जुळलं तर लाल. हे प्रश्न विचारून घेणारी तयार साधनं मिळतात, आणि ती एक नाही, चिक्कार आहेत.

"जेस्ट घे," मैत्रीण म्हणाली. शनिवारी सकाळी तिच्या घरी जेवणाच्या टेबलावर बसलो होतो. "आमच्या कंपनीत तेच आहे."

"तुमच्या कंपनीत का आहे?"

"आधीपासून आहे म्हणून."

"हे कारण झालं?"

"स्वल्प थांब गं. सकाळीच मोर्चा नको काढूस. तुला काय पाहिजे ते तरी सांग."

मला काय पाहिजे होतं ते मलाही नीट माहीत नव्हतं. नेटवर तुलना शोधल्या तर सगळीकडे तक्ते. कोण किती वेगवान, कुणाला किती तारे. चूक झाली तर ते साधन काय बोलतं आणि कसं बोलतं, हे त्या तक्त्यांत नव्हतंच. मला तेच हवं होतं. मी आयुष्यभर शब्दांवरून माणसं ओळखत आलेय. तर ठरवलं, तीन साधनं घ्यायची, जेस्ट, मोका आणि व्हायटेस्ट. तिघांसमोर एकच खोटं ठेवायचं आणि कोण काय म्हणतं ते ऐकायचं.

खोटं म्हणून अण्णांचीच चूक घेतली. मुद्दाम एक महिना मागे.

जेस्टने एकाखाली एक दोन ओळी दिल्या, हे अपेक्षित होतं, हे मिळालं. मग कोडमधली ती नेमकी ओळ काढून दाखवली, शेजारी बाण. मला आवडलं. मोकाने आधी शांतपणे सगळ्या प्रश्नांची यादी वाचली आणि नापास झालेल्याला क्रमांक देऊन तळाशी तपशील लिहिला, पुस्तकातल्या तळटीपेसारखा. व्हायटेस्टचं बोलणं बरंचसं जेस्टसारखं, पण सवय वेगळी. मी फाइल सेव्ह केली की न सांगता लगेच पुन्हा तपासायचा. मी एक अक्षर खोडलं की लाल, परत लिहिलं की हिरवं. दहा मिनिटं मी नुसती तेच करत बसले. मैत्रीण डोसा खाता खाता बघत होती.

"काय करतेयस?"

"याला चिडवतेय."

"चिडतो का?"

"नाही. दर वेळी तेवढ्याच गंभीरपणे सांगतो."

स्वभावही वेगळे निघाले. जेस्ट म्हणजे मंडप, माईक, खुर्च्या सगळं घेऊन येणारा, पण आमच्या जुन्या लॅपटॉपवर सभा सुरू व्हायला जरा वेळ लावणारा. मोका तुम्हाला मैदान देतो. दोन उत्तरं जुळतात का ते पाहायची व्यवस्था तुम्ही दुसरीकडून आणायची. मला पहिल्यांदा याचा राग आला, मग कौतुक वाटलं. निदान तो काही लपवत नाही. काय आणलंय ते तुम्हाला माहीत असतं, कारण तुम्हीच आणलेलं असतं.

मग मी त्यांना आणखी छळलं. एक टेस्ट लिहिली, नाव दिलं 'शेवटचा दिवस बरोबर येतो', आणि आत काहीच नाही. एकही प्रश्न नाही. तिन्ही ठिकाणी हिरवी खूण.

हे मला सहन झालं नाही. "हे तुला खटकत नाही? काही न विचारता पास?"

"विचारलंच नाही तर नापास कशी होईल?"

"मग तिने सांगावं ना, मला काही विचारलेलं नाही म्हणून."

"सांगायला लावता येतं. जेस्टमध्ये सोय आहे, व्हायटेस्टमध्येही आहे. तू मागितली नाहीस."

मागितल्यावर सोय देणारी कार्यालयं मी पुष्कळ बघितलीत. तेवढ्यात आतून तिचे बाबा बाहेर आले आणि खुर्ची ओढून बसले. त्यांची सगळी नोकरी कारखान्याच्या तपासणी विभागात झाली. आम्ही काय करतोय ते त्यांनी विचारलं, मी सांगितलं. ते म्हणाले, "आमच्याकडे प्रत्येक भोकासाठी मापाचं गेज असायचं. भोकात गेलं तर पास. पण गेजसुद्धा झिजतं. म्हणून ते दर काही दिवसांनी दुसऱ्या खोलीत जायचं तपासायला. त्या खोलीत आमच्यापैकी कुणाला जाऊ देत नसत."

"का?"

"आम्ही आमच्याच मालावर ते घासून बरोबर करून आणलं असतं," ते हसत म्हणाले, आणि डोशासाठी आत हाक मारली.

मला तेव्हा ते नुसतं गमतीचं वाटलं.

शेवटी व्हायटेस्ट घेतलं. त्या न सांगता तपासण्याच्या सवयीसाठीच, खरं सांगायचं तर. शिवाय जेस्टसारखीच स्नॅपशॉटची सोय त्यातही होती. स्नॅपशॉट म्हणजे उत्तर आपण लिहायचंच नाही. प्रोग्रामने पहिल्यांदा जे पत्र बनवलं, ते जसंच्या तसं जपून ठेवायचं. पुढच्या वेळी बनलेलं पत्र त्याच्याशी जुळलं की हिरवं. आणि पत्र आपणच मुद्दाम बदललं असेल तर यू हे अक्षर दाबायचं, की नवं पत्र हेच बरोबर असं तो लिहून ठेवतो. मैत्रिणीने बारा वेगवेगळ्या नोटिशींची बारा पत्रं अशी जपून ठेवली. तिने त्या वेळी प्रत्येक पत्र कॅलेंडर समोर ठेवून तपासलं होतं. हे मी इथे मुद्दाम लिहितेय, कारण पुढची चूक तिची नाही.

त्याच आठवड्यात शुक्रवारी अक्काच्या खांबावर नोटीस लागली.

अक्का म्हणजे माझ्या पीजीच्या मागच्या रस्त्यावर इडलीची गाडी लावते ती. गाडी वॉर्ड कार्यालयाच्या फाटकाला लागून. मी रोज सकाळी तिथेच खाते. म्हणजे गंमत बघा, जे कारकून नोटिसा टाइप करतात, ते सकाळी साडेदहाला तिच्याच गाडीवर उभे राहून चटणी वाढवून मागतात. आणि तिलाच जागा रिकामी करायला सांगतात. तिला नवरा नाही, घर त्या गाडीवर चालतं. फाटकासमोरची ती सहा फूट जागा गेली तर रस्त्याच्या दुसऱ्या टोकाला तिचं कोण खाणार?

ती कन्नडमध्ये बोलते, माझं कन्नड लंगडं आहे, पण आमचं चालतं. तिने नोटीस काढून घडी करून डब्यात ठेवली होती. मला दाखवून म्हणाली, "पंधरा दिवस म्हणजे कधीपर्यंत?"

"साइट सांगेल," मी म्हणाले. किती रुबाबात म्हणाले ते आठवलं की अजून कान गरम होतात.

पत्र लगेच दिलं असतं तर बरं झालं असतं. पण मला मजकूर खटकत होता. आमच्या पत्राची सुरुवात 'आपणास नम्र विनंती की' अशी होती. विनंती कसली? हरकत हा हक्क आहे. तिथे मी 'आम्ही हरकत घेत आहोत' असं घातलं. हात लागलाच आहे तर बंद दिवसांचा हिशेब करणारा कोडचा तुकडा उचलून वेगळ्या फाइलमध्ये नीट लावला.

सेव्ह केल्याबरोबर बाराच्या बारा पत्रं लाल. साहजिक आहे, पहिली ओळ सगळीकडे बदललेली. मी पहिलं पत्र बघितलं. बदल, माझाच. दुसरं बघितलं. तोच. आणि यू दाबलं. बारा हिरव्या खुणा एकाखाली एक आल्या आणि मला चक्क अभिमान वाटला.

या सगळ्यात नोटिशीला तेरा दिवस झाले. गुरुवारी सकाळी अक्काला पत्र नेऊन दिलं. तिने हात पुसले, पत्र लांब धरून वाचलं. वर मोठ्या अक्षरांत शेवटचा दिवस, शनिवार. मला सुट्टी असते, म्हणून मी म्हणाले, "परवा दोघी मिळून जाऊ."

ती पत्राकडे बघतच राहिली. "हा शनिवार?"

"हो."

"एनम्मा, काय गं, हा दुसरा शनिवार. मी तर अर्धेच तांदूळ भिजवते."

मला कळलंच नाही. तिने फाटकाकडे हात केला. दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी कार्यालय बंद. त्या दिवशी इडली खायला कारकून नाहीत, पत्रं घेऊन रांगेत उभी राहणारी माणसं नाहीत. म्हणून शुक्रवारी ती तांदूळ निम्मे भिजवते. इतकी वर्षं, न चुकता. सरकारचं कॅलेंडर तिच्या पातेल्यात होतं.

आमच्या साइटला हे माहीत होतं. माहीत असायला हवं होतं. शेवटचा दिवस बंद दिवशी आला तर त्याच्या आधीचा उघडा दिवस दाखवायचा, हा नियम मैत्रिणीने पहिल्या दिवशी लिहिला होता. कायद्याने नंतरचा दिवस चालत असेलही, पण खिडकीवरचा माणूस 'मुदतीनंतर' असा शेरा मारून मोकळा होतो आणि मग भांडत बसायचं. तिथेच गाडीपाशी फोनवर मी जुनं आणि नवं कोड शेजारी ठेवून बघितलं. तुकडा दुसऱ्या फाइलमध्ये नेताना एक ओळ मागे राहिली होती. शनिवारांची. रविवार आला, शनिवार आले नाहीत. आणि बारा पत्रांत नवव्या पत्रावर हीच चूक तांबड्या अक्षरांत स्पष्ट लिहून आली होती. साधनाने सांगितलं होतं. मी दोन पत्रं बघून त्याला म्हणाले होते, गप्प बस, हेच बरोबर.

म्हणजे मी काय केलं होतं? प्रूफ प्रूफशीच ताडून बघितलं होतं. मूळ कागद कुणी वाचलाच नव्हता. पुण्यात असते तर गठ्ठा आणि पेन हातात दिलं असतं मला.

"तुझी ती साइट चुकली?" अक्काने विचारलं.

"साइट नाही. मी चुकले."

"मग, चाखून बघत नाहीस होय?" ती म्हणाली आणि गिऱ्हाइकाला सांबार वाढायला वळली.

दुपारी मैत्रिणीला फोन केला. सगळं सांगितलं. ती म्हणाली, "बाबांच्या गेजची गोष्ट आठवते का?"

"आठवते. बोलू नकोस."

"सरी. नाही बोलत. उद्याची रजा काढ."

शुक्रवारी अर्धी रजा काढून साडेदहाला गेले. अक्काने गाडीवर निळा प्लास्टिकचा कागद टाकून दोरी बांधली होती. कामाच्या दिवशी गाडी अशी बांधलेली मी पहिल्यांदाच बघत होते. खिडकीवर रोज तिच्याकडे खाणारा कारकून. त्याने पत्राआधी तिच्याकडे बघितलं.

"आज गाडी बंद?"

"तुमच्यासाठीच बंद," ती म्हणाली. "शिक्का मारा, की उघडते."

त्याने पत्र वाचलं. 'आम्ही हरकत घेत आहोत' या ओळीवर थांबून माझ्याकडे बघितलं. मी पण बघितलं. त्याने शिक्का मारला, तारीख घातली आणि प्रत परत देताना म्हणाला, "बरं झालं आज आलात. उद्या कुलूप, सोमवारी आला असतात तर मला 'मुदतीनंतर' लिहावं लागलं असतं. माझ्या हातात काही नसतं."

याच्या हातात शिक्का असतो आणि तरी काही नसतं. हे माझ्या ओठांवर आलं होतं. अक्काने माझा दंड धरला. तिला अर्ध्या तासात गाडी उघडायची होती.

त्या शनिवारी आम्ही पुन्हा त्याच टेबलावर बसलो. बाराही स्नॅपशॉट मी काढून टाकले. साधनाचा दोष होता म्हणून नाही. ज्यांना सगळी पत्रं वाचायचा धीर आहे त्यांच्यासाठी ती सोय चांगली आहे, मला तो धीर नाही हे सिद्ध झालं होतं. एकेक तारीख हाताने लिहायची ठरली. मैत्रीण कॅलेंडर धरून मोठ्याने वाचायची, मी स्क्रीनवर बोट ठेवून टाइप करायची. सगळ्यात पहिल्या टेस्टला मी मराठीत नाव दिलं, 'दुसऱ्या शनिवारी अक्का अर्धेच तांदूळ भिजवते'.

"असं नाव चालतं?" मैत्रिणीने विचारलं.

"बघू या."

आणि मग मला पुन्हा ती खाज सुटली. शनिवारांची ओळ मुद्दाम काढून हीच टेस्ट तिन्ही साधनांत चालवून बघितली. जेस्टने अपेक्षित शुक्रवार, मिळाला शनिवार, असं एकाखाली एक सांगितलं. व्हायटेस्टने माझं बोट की-बोर्डवरून उचलायच्या आत सांगितलं. मोकाने अक्काच्या टेस्टचं अख्खं नाव क्रमांक घालून तळाशी लिहिलं. तिघांनीही पकडलं. म्हणजे दोन शनिवार मी ज्याची तुलना करत बसले, त्याने या एका बाबतीत काडीचा फरक पडला नव्हता. फरक पडला तो कुणाला विचारून उत्तर लिहिलं याने. तरी ती तुलना वाया गेली असं मला वाटत नाही. तिघांचं बोलणं ऐकलं नसतं, तर मी त्या नवव्या पत्राची तांबडी ओळ वाचता येण्याइतकी शहाणी तरी झाले असते का, शंकाच आहे. आता येते वाचता.

शनिवारांची ओळ परत घातली. हिरवं. मी ती एकदा काढली, पुन्हा घातली. मैत्रीण म्हणाली, पुरे.

सुनावणी पुढच्या महिन्यात झाली. अक्काची गाडी फाटकापासून आठ पावलं झाडाकडे सरकवली, जमिनीवर पिवळ्या रंगाची चौकट आखली आणि तिला सहीशिक्क्याचा कागद दिला. आठ पावलं तरी का, म्हणून मी भांडणार होते. ती म्हणाली, राहू दे, तिथे सावली आहे.

त्यानंतरच्या दुसऱ्या शनिवारी मी उशिरा उठून गेले. फाटकाला कुलूप. चौकटीत गाडी, गाडीवर अर्ध्या तांदळांचं पातेलं, तेही संपत आलेलं. शेवटच्या दोन इडल्या होत्या, त्या तिने माझ्या ताटलीत टाकल्या आणि झाकण ठेवलं.